टाक्यांच्या शेडमधली काडी

नणंद-भावजयीचं पटत नाही असं सगळं जग म्हणतं. जगाला काय, तोंड आहे तर काही तरी म्हणायला हवं. माझं नवऱ्याशी पटलं नाही असे दिवस मोजायला हातापायांची बोटं पुरायची नाहीत, पण धाकट्या वन्संशी पटलं नाही असा दिवस मला आठवत नाही. हे मी आमच्या ह्यांच्यासमोर उघड बोलते. ते मान डोलावतात. बेकरीत पीठ मळून आलेल्या माणसाच्या अंगात भांडायला ताकद कुठून उरणार?

वन्सं म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. अंगानं इतकी किडकिडीत की लहानपणापासून घरात सगळे तिला काडी म्हणत. खरं नाव होतं, चांगलं लांबलचक होतं, पण त्या नावानं कुणी हाक मारली की तीच मागं वळून बघायची, कुणाला बोलावतायत म्हणून. मी तेवढी ‘वन्सं’ म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. तोंडानं अहो आणि मनातून अगं, असा आमचा मामला. इथं लिहिताना मी मनातलंच लिहिणार आहे.

मी या घरात आले त्याच्या पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत तिचे यजमान लांबच्या शहरात नोकरीला निघाले. जाताना तिला आमच्या दारात सोडून गेले. “जागा बघतो, बस्तान बसवतो, मग न्यायला येतो,” म्हणाले. बस्तान बसलं. न्यायला कुणी आलं नाही. पुढं कानावर आलं की जागा मिळाली आहे आणि जागेत एक बाईही आहे. ना भांडण, ना तंटा. शेजारणीनं एकदा मला जिन्यात गाठून विचारलं, “काडीमोड झाला का हो?” मी काही बोलायच्या आत मागून काडीच म्हणाली, “मोडली नाही हो काकू, नुसती टाकली.”

ती हसली, शेजारीणही हसली, पण मला हसू आलं नाही. आपल्या भाषेत अशा बाईला एक शब्द आहे, टाकलेली. नवऱ्यानं टाकली म्हणून टाकलेली. टाकणाऱ्याला मात्र शब्द नाही. मी पुष्कळ शोधला. शेवटी मी माझ्यापुरते दोन-तीन तयार केले, पण ते चारचौघांत लिहिण्यासारखे नाहीत.

सासूबाईंनी तर बोलणंच कमी केलं. त्या वाईट नव्हत्या. मुलगी दारातून आत आली की त्यांचा चेहरा पडायचा आणि तो पडलेला काडीला दिसायचा. मग काडी घरात कुठं तरी कोपऱ्यात काम काढून बसायची. सगळी कपाटं तिनं त्या काळात लावली. इतकी लावली की मला माझी कात्री सापडेना.

मी शिवणकाम करते. आमच्या गावाबाहेर हवाई दलाचा विमानतळ आहे, आणि तिथल्या वर्कशॉपचं कॅनव्हासचं काम तेव्हा माझ्याकडं यायचं. झाकणं, खोळी, पिशव्या. ते घेऊन यायचा तिथला फोरमन. वयस्कर, टक्कल पडलेला, नातवंडांचा आजोबा. त्याला सगळे ठोकमास्तर म्हणत, कारण दिसेल त्या वस्तूवर बोटाच्या पेरानं टक् टक् करून कान लावायची त्याला सवय. आमचं दार, माझ्या मशीनचं टेबल, एकदा तर ह्यांची पाठ.

एक दिवस तो खोळी न्यायला आला असताना माझी बॉबिन गडगडत मशीनच्या मागच्या फटीत गेली. फट जेमतेम चार बोटांची. काडीनं न बघता हात आत घातला, कोपरापर्यंत नेला, आत कुठं तरी वळवला आणि बॉबिन काढून माझ्या हातात दिली. ठोकमास्तर बघतच राहिला. मग सासूबाईंकडं वळून म्हणाला, “बाई, तुमच्या मुलीचा हात मला हवाय.”

सासूबाईंच्या हातातली कपबशी खडखडली. “अहो, लग्न झालंय तिचं!”

“लग्नाचं काय घेऊन बसलात? मला नुसता हात पाहिजे. कोपरापर्यंत.”

तुम्हाला हसू येईल, पण त्या म्हाताऱ्यानं खरंच तिचा हात मागितला आणि आम्ही दिला. वर्कशॉपमध्ये एक वेगळी शेड होती, विमानाच्या टाक्यांची. लढाऊ विमानाच्या पंखाखाली लांबुळक्या, दोन्ही टोकांना निमुळत्या टाक्या टांगलेल्या असतात. लांबून बघणाऱ्याला बॉम्ब वाटतात. मलाही वाटायचे. आत असतं नुसतं इंधन. लांब जायचं तर जास्तीचं इंधन लागतं, ते या टाक्यांत न्यायचं. ते आधी संपवायचं आणि विमानाच्या पोटातलं राखून ठेवायचं. अंगावर बेतलं, पळायची वेळ आली, की वैमानिक एक बटण दाबतो, टाक्या खाली पडतात आणि विमान हलकं होऊन निघून जातं. एरवी घेऊन गेलेल्या टाक्या घेऊनच परत येतात. त्या आल्या की शेडमध्ये त्यांची तपासणी व्हायची, गळती बघायची, फटी बुजाव्यात म्हणून आतल्या सांध्यांना लुकण लावायचं. आत शिरायला तळहाताएवढं भोक. शिवाय इंधन हिंदकळू नये म्हणून आत पत्र्याचे आडवे पडदे. त्या पडद्यांच्या मागं पोचेल असा हात ठोकमास्तरला सापडत नव्हता. शेडमधले सगळे पुरुष दंडानं जाडजूड. तिथं आमची काडी.

“पण तिथं काडी न्यायला बंदी आहे,” ठोकमास्तर गंभीरपणे म्हणाला. “काडी, विडी, लायटर, सगळं गेटवर ठेवावं लागतं. हिला मी आत कसं नेऊ?” त्याचा हा विनोद पुढं तो निवृत्त होईपर्यंत चालला. दर वेळी स्वतःच पहिल्यांदा हसायचा.

सासूबाईंना ते काम पटेना. “टाकायच्याच टाक्या, तर त्यांची एवढी निगा कशाला?”

काडी म्हणाली, “टाकायची आहे म्हणून गळकी चालेल का, आई?”

पहिल्या दिवशी ती गेली आणि चहाच्या सुट्टीच्या आत परत आली. मी मशीनवर होते. दारात उभी राहिली आणि म्हणाली, “वहिनी, मी नाही जायची तिथं. सगळ्यांना माहीत आहे.” डोळे भरलेले. मी विचारलं, काय माहीत आहे? तेवढ्यात सायकल मारत, धापा टाकत ठोकमास्तर स्वतः आला.

झालं होतं असं. ती शेडमध्ये शिरते न शिरते तोच हा माणूस आतून ओरडला होता, “अरे, ती टाकलेली कुणी आत आणली? तिला बाहेर ठेवा! टाकलेली परत लावायची नसते, किती वेळा सांगायचं?” आणि काडी आली त्याच पावली वळून घरी.

“अहो बाई, टाकी!” ठोकमास्तर टकलावर हात मारून घेत होता. “विमानानं टाकलेली टाकी! तुम्हाला कशाला कोण बोलेल?”

काडीनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि खाली बसून जी हसायला लागली ती थांबेना. हसता हसता रडली, रडता रडता परत हसली. मीही तिच्याबरोबर दोन्ही केलं. ठोकमास्तर बिचारा दारावर टक् टक् करत उभा राहिला.

मग डोळे पुसून तिनं विचारलं, “पण का लावत नाहीत परत?”

“टाकी चांगलीच असते हो,” तो म्हणाला. “पण ज्या कड्यांनी ती पंखाला धरलेली असते ना, त्या एकदा हिसडा बसून सुटल्या की त्यांचा भरवसा राहत नाही. दोष टाकीचा नसतो.”

ती त्याच्याबरोबर परत गेली. त्या दिवसापासून ‘टाकलेली’ हा शब्द आमच्या घरात टाकीचा झाला. जिन्यात कुणी कुजबुजलं तर मी मोठ्यानं विचारायचे, “कुठली टाकलेली? पंखाखालची का पोटाखालची?” कुजबुजणारी जिना उतरायला लागायची. मला कुणी भोळी समजू नये.

काडी त्या शेडमध्ये खुलली. दुसरा शब्द नाही. तिच्या कपड्यांना इंधनाचा आणि लुकणाचा वास यायचा, नखं काळी व्हायची आणि आवाज मोठा झाला. टाकीत हवा भरून सांध्यांवरून साबणाच्या फेसाचा ब्रश फिरवायचा, आणि बुडबुडा आला तर तिथं गळती, ही तिची तपासणी. ती घरीही सुरू झाली. गॅसच्या नळीला फेस, सायकलच्या ट्यूबला फेस, सासूबाईंच्या गरम पाण्याच्या रबरी पिशवीला फेस. एकदा माझ्या नव्या रेनकोटच्या शिवणीला तिनं फेस लावला आणि बुडबुडा आल्यावर माझ्याकडं असं बघितलं की मी सगळी शिवण उसवून पुन्हा घातली. मी कापडाची शिवण घालायची, ती पत्र्याची. कुणाची पक्की यावर आमचं कधी एकमत झालं नाही.

ती मला सांगायची, “वहिनी, दोन्ही जमायला हवं बघ. धरायचं तर वादळात हलता कामा नये, आणि सोडायचं तर क्षणात, नीट. अर्धवट सुटली तर विमानच तिरकं होतं.” कड्यांचं काम तिचं नव्हतं, तरी टाकी विमानाला लावताना ती जाऊन उभी राहायची. मुलीला शाळेत सोडायला गेल्यासारखी.

मग एकदा खरंच टाकायची वेळ आली. एक विमान वर चढलं आणि चढता चढताच इंजिन कुरकुरायला लागलं. विमान जड, टाक्या भरलेल्या. वैमानिकानं नदीपलीकडच्या मोकळ्या रानावर नेऊन दोन्ही टाक्या टाकल्या आणि वळून सुखरूप उतरला. टाक्यांची शेवटची तपासणी काडीची होती. संध्याकाळी ती घरी आली ती जेवली नाही. “त्या वैमानिकानं शेडमध्ये निरोप पाठवलाय. उद्या येतो म्हणालाय. टाक्या कुणी केल्या ते विचारत होता.”

दुसऱ्या दिवशी तो आला. कोवळा पोरगा, मिशी नुकती फुटलेली. सगळी शेड ओळीनं उभी. “या टाक्या कुणाच्या हातच्या?” त्यानं विचारलं. काडी पुढं झाली. त्यानं तिच्या काडीसारख्या हातांकडं पाहिलं आणि तेच दोन्ही हात धरले. म्हणाला, “सुटल्या. एकदम नीट.” बस, एवढंच. ती घरी आली आणि दोन माणसांचं जेवली.

त्या दोन टाक्यांपैकी एक फुटली होती. दुसरी चिखलात रुतून बसली, एका बाजूला पोचा, बाकी धड. ट्रकवर घालून आणली. ठोकमास्तरनं टक् टक् केलं, कान लावला, मान हलवली. टाकलेली परत लावायची नसते. ती भंगारात निघाली होती, पण काडी तिच्याजवळून हलेना. शेवटी तो म्हणाला, “न्या बाई घरी. साहेबांना मी सांगतो. नाही तरी तिच्यात जास्त तुम्हीच राहिलात.”

अशी ती आमच्या गच्चीवर आली. चौघांनी दोरानं ओढून चढवली. आधी काठोकाठ पाण्यानं भरली आणि मगच भोक पाडलं, कारण रिकाम्या टाकीतली इंधनाची वाफ ठिणगी पडली तर भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. खाली नळ बसवला, नळापासून पाइप न्हाणीघरात. दिवसभर ऊन खाऊन पाणी असं तापायचं की आंघोळीला चूल पेटवायला नको. सुरुवातीला पाण्याला वास यायचा. सासूबाई म्हणायच्या, “या पाण्यानं आंघोळ केली तर माणूस शेगडीजवळ जायचा नाही. पेटेल.” काडीनं साबण घालून, उन्हात उघडी ठेवून, पुन्हा पुन्हा धुवून तो वास घालवला. प्यायला कधी वापरलं नाही, पण आंघोळीला आणि कपड्यांना तेच.

आणि मग काय झालं कोण जाणे, सासूबाईंचा त्या टाकीवर जीव जडला. गुडघे दुखत असून कुणी पाहुणा आला की त्याला गच्चीवर घेऊन जायच्या. “ही साधी टाकी नाही. आभाळातून पडलेली आहे.” पाहुणा हमखास विचारायचा, “मग परत विमानाला का नाही लावली?” त्या प्रश्नाची वाटच बघत असायच्या त्या. कमरेवर हात ठेवून सांगायच्या, “टाकलेली परत लावत नाहीत. टाकी चांगलीच असते हो. पण कड्यांचा भरवसा राहत नाही.” आणि मग पोच्यावर हात फिरवून, “माझ्या काडीनं केलेली आहे.” वाण्याला सांगितलं, डॉक्टरला सांगितलं, मीटर बघायला आलेल्या माणसाला सांगितलं. माझं तर पाठ झालं होतं.

त्यानंतर कधी तरी बेकरीतल्या फोनवर निरोप आला. काडीचे यजमान येणार होते. ती बाई त्यांना सोडून गेली होती, तब्येत बरी नव्हती, घर खायला उठत होतं. न्यायला येतो, म्हणाले. इतक्या वर्षांनी माणसाला आठवण झाली की आपण न्यायला येतो म्हणालो होतो!

मी पेटले. मला न्हाणीघरातल्या पाण्याचीही गरज पडली नाही. पण सासूबाईंचा चेहरा इतक्या वर्षांनी उजळला. “आले ना शेवटी,” त्या म्हणाल्या. “चुकतो माणूस. तिचं घर तिला मिळेल. मी आज आहे, उद्या नाही.” आमचे हे पीठ झटकत म्हणाले, “आई म्हणते त्यातही तथ्य आहे.” मी त्यांच्याकडं बघितलं, तसं म्हणाले, “तू म्हणतेस त्यातही आहे.” मी अजून काही म्हणालेच नव्हते.

काडी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी बादली घेऊन वर गेले. नुसतीच गेले, बादलीत काही नव्हतं.

“वहिनी, तुला काय वाटतं?” तिनं विचारलं.

माझ्या जिभेवर पुष्कळ काही होतं. ते सगळं गिळून मी म्हणाले, “माझं राहू द्या वन्सं. तुम्हाला काय वाटतं?”

“मला वाटतं, मला काही वाटू नये.” तिनं एक चादर झटकली. “पण वाटतं गं. अजून दार वाजलं की आधी तेच वाटतं. मग दूधवाला निघतो.”

“आणि शेड?”

“त्यांच्या गावी कुठली शेड? तिथं विमानं उंचावरून जातात.” ती टाकीला टेकली. मग म्हणाली, “आई जा म्हणाली तर जाईन. मी परत आले तेव्हा तिला किती लागलं ते मी बघितलंय. आता न जाऊन पुन्हा तिलाच दुखवू? तिच्या छपराखाली राहून, तिच्या मनाविरुद्ध, नाही व्हायचं माझ्यानं.”

म्हणजे सगळं सासूबाईंच्या जिभेवर आलं. आणि त्या जिभेवर काय होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. पुढचे काही दिवस मी मशीनवर बसून सगळ्या शिवणी वाकड्या घातल्या. तिच्याशिवाय हे घर कसं असेल याचा विचार केला की सुई बोटात शिरायची. ती गेली तर मी कुणाशी भांडायची नाही?

ते आले दुपारचे. हातात एक पेटी. मी मनात जो माणूस उभा केला होता तो असा नव्हता. मला दांडगा हवा होता, म्हणजे बोलता आलं असतं. हा वाकलेला, केस पिकलेले, हळू बोलणारा. वाकून सासूबाईंच्या पाया पडला. काडीकडं बघून म्हणाला, “कशी आहेस?” काडी म्हणाली, “बरी आहे. प्रवासातून आलात, आधी आंघोळ करा.” तिनं टॉवेल दिला, साबण दिला. मग आणखी एक टॉवेल दिला.

तो आंघोळ करून आला तो निम्मा तरतरीत होऊन. आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत. सासूबाई खुर्चीत, आमचे हे दाराशी, मी मशीनवर उगाच चाक फिरवत. जावईबापू म्हणाले, “झालं गेलं विसरून जाऊ. मी हिला घेऊन जातो. संध्याकाळच्या बसनं.” आणि सगळ्यांनी सासूबाईंकडं पाहिलं.

सासूबाईंनी डोळे पुसले. बोलायला तोंड उघडलं. शब्द जुळवत होत्या. माझं चाक थांबलं.

माणूस संकोचला की काही तरी बोलतो. तसे ते बोलले. “पाणी फार छान होतं. येताना गच्चीवर दिसली ती काय, टाकी आहे का? विमानाची दिसते.”

“विमानाचीच,” सासूबाई म्हणाल्या. त्यांची पाठ आपोआप ताठ झाली.

“एका बाजूला पोचा आहे तेवढा. बाकी धड दिसते. परत विमानाला का नाही लावली?”

आता इतक्या वर्षांची सवय. सासूबाईंचे हात कमरेवर गेले. “टाकलेली परत लावत नाहीत,” त्या ठसक्यात म्हणाल्या. “टाकी चांगलीच असते हो. पण एकदा टाकली की कड्यांचा भरवसा—”

आणि थांबल्या. त्यांनी जे म्हटलं ते त्यांनाच ऐकू आलं.

आमच्या ह्यांनी जमिनीकडं बघितलं. जावईबापू आधी नुसते ऐकत होते, मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. सासूबाई काडीकडं बघत होत्या. किती तरी वर्षांत त्यांनी तिच्याकडं असं नीट बघितलं नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. “माझ्या काडीनं केलेली आहे,” त्या पुटपुटल्या. सवयीनं पुढचंही वाक्य आलं होतं. पण ते त्यांनी सवयीनं म्हटलं नाही.

मग त्यांनी हात कमरेवरून काढले, जावयाकडं वळल्या आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “जावईबापू, जेवून जा.”

जेवून घ्या नाही, जेवून जा. आपल्या भाषेत एका शब्दानं केवढं होतं! त्यांनाही कळलं. ते मान खाली घालून म्हणाले, “बरं.”

काडी उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग. ती भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर हात, खांदे हलत. मला वाटलं रडतेय. हात काढला तर हसत होती. मग रडली. पहिल्या दिवशीसारखं दोन्ही झालं, फक्त या वेळी आवाज न करता, बाहेर पाहुणा होता ना.

“मी म्हटलं असतं तर उद्धट ठरले असते गं,” ती म्हणाली. “आई म्हणाली.”

त्यांना तिनं पोटभर वाढलं. गरम, पुन्हा पुन्हा. औषधं कुठली चालू आहेत विचारलं, जेवणानंतरची गोळी आठवणीनं घ्यायला लावली. मी वाढत नव्हते. माझ्यात तेवढा चांगुलपणा नाही आणि मी तो आहे असं दाखवतही नाही. बसची वेळ झाली तशी काडीनं चपला घातल्या आणि त्यांची पेटी उचलली.

“तू कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “त्यांना रस्ता माहीत आहे.”

“पोचवून येते,” काडी म्हणाली. “मला कुणाला टाकता येत नाही, आई.”

दोघं रस्त्यानं जाताना मी खिडकीतून बघितली. ती पुढं, पेटी हातात, तो जरा मागं. काय बोलले ते मला माहीत नाही, मी कधी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. तेवढं तिचं तिच्यापाशी राहू दे.

ती परत आली तेव्हा सासूबाई तिच्या वाटेकडं डोळे लावून दारात उभ्या होत्या. आणि काडी दारातून आत आली तेव्हा त्यांचा चेहरा पडला नाही. त्यांनी तिचा हात धरून तिला आत घेतलं. कोपराशी धरून, ठोकमास्तरनं मागितला होता तो हात. मी मशीनवरून उठलेच नाही. डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून सुईत दोरा ओवायचं नाटक करत राहिले. तो दोरा काही जाईना.

काडीनं माझ्या हातातून सुई घेतली, एका फटक्यात दोरा ओवला आणि परत दिली. मी नाक ओढून, काही तरी विचारायचं म्हणून विचारलं, “सुटली का बस?”

“सुटली,” ती म्हणाली. “एकदम नीट.”